सेट कुठला, ते आधी सांगा

ईएल ८४, ६ बीक्यू ५, सीव्ही २९७५, ६ पी १४ पी. चारही नावं एकाच व्हॉल्व्हची. पहिलं युरोपातलं, दुसरं अमेरिकेतलं, तिसरं ब्रिटिश लष्करातलं, चौथं रशियातलं. टेंभी नाक्याजवळच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. तिथल्या काकांना पहिली तीन नावं तोंडपाठ होती आणि त्यांतलं कुठलंही सांगितलं तरी ते फळीवरची तीच डबी खाली काढत. डबी हातात देण्यापूर्वी मात्र त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे : “सेट कुठला?”

गिऱ्हाइकाला घाई असे. नंबर सांगितला, पैसे मोजायला तयार आहे, मग सेटची चौकशी कशाला? पण उत्तर मिळाल्याशिवाय काका डबी सोडत नसत. मर्फी की फिलिप्स, घरी बांधलेला अँप्लिफायर की मंडपवाल्याचा, आत ट्रान्सफॉर्मर आहे की नाही, आधीचा व्हॉल्व्ह कशाने गेला, हे सगळं ऐकून घेत. मग मागितलेला व्हॉल्व्ह देत, नाहीतर त्याच्या जागी दुसरा चालेल म्हणून सांगत. कधीकधी दोन्ही न करता म्हणत, “सेटच घेऊन या.”

साठचं दशक आणि सत्तरची सुरुवात, तेव्हाचं ते ठाणं. महानगरपालिका व्हायला १९८२ उजाडायचं होतं. स्टेशनाबाहेर टांगे उभे असत. जांभळी नाक्यावरून भाजी घ्यायची, तलावपाळीला एक फेरी मारायची आणि टेंभी नाक्यावरून घरी परतायचं, हा कितीतरी घरांचा संध्याकाळचा क्रम होता. रेडिओचा तर ठाण्याला विशेष लळा. मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता आणि ओठांवर बोट ठेवलेलं ते गुटगुटीत बाळ कॅलेंडरवरून घराघरांत पोचलं होतं. रेडिओ बाळगायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, दरवर्षी पैसे भरावे लागत. सेट बिघडला, तर तो बुधवारच्या आत मिळाला पाहिजे अशी अट लोक आधी घालत. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे.

दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. आत राळेचा वास, उताणी टाकलेली चासी, टांगलेला स्पीकर आणि मागच्या फळीवर ओळीने डब्या. फिलिप्सच्या, मुलार्डच्या, क्वचित हंगेरीच्या टंग्स्रामच्या, आणि पुढे पुढे जास्तीत जास्त बेलच्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. परदेशी मालावर तेव्हा कडक निर्बंध होते, त्यामुळे छोट्या दुकानदारांना बेलचाच आधार होता. जो व्हॉल्व्ह हवा तो मिळेलच याची खात्री नव्हती. म्हणून कशाच्या जागी काय चालतं हे ज्ञान त्या धंद्यात मालापेक्षा मोलाचं होतं. इंग्लंडमध्ये छापलेलं बाबानींचं व्हॉल्व्हच्या पर्यायांचं पुस्तक काकांकडे होतं, पण त्याहून जास्त वापर त्यांच्या स्वतःच्या वहीचा. एका रकान्यात युरोपी नाव, दुसऱ्यात अमेरिकी, आणि तिसऱ्यात बारीक अक्षरात एकच शब्द : “सरळ”, “पिना बघ”, “फिलामेंट बघ”, “नको”.

त्या वहीतला तिसरा रकाना मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नावांच्या जोड्या आज कुणालाही दोन मिनिटांत सापडतात. ईसीसी ८३ म्हणजे १२ एएक्स ७, ईसीसी ८२ म्हणजे १२ एयू ७, ईसीसी ८१ म्हणजे १२ एटी ७, ईएल ३४ म्हणजे ६ सीए ७, ईझेड ८१ म्हणजे ६ सीए ४, जीझेड ३४ म्हणजे ५ एआर ४, ईएफ ८६ म्हणजे ६२६७, ईसीएल ८२ म्हणजे ६ बीएम ८. पण ही जोडी सरळ आहे, की तिच्यात काही अट दडलेली आहे, हे त्या बारीक शब्दातून कळे.

काका शिकवायला उत्सुक असत. शाळेतून येताना मी तिथे रेंगाळायचो आणि ते हातातलं काम न थांबवता सांगत जायचे. युरोपी नाव त्यांना फार आवडे. ते म्हणत, “हे नाव वाचलं की व्हॉल्व्ह उघडून बघायची गरज नाही.” आणि ते खरंच आहे. १९३४ मध्ये फिलिप्स आणि टेलिफुंकन यांनी रुजवलेली ही पद्धत. पहिलं अक्षर फिलामेंटचं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, जी म्हणजे ५ व्होल्ट, डी म्हणजे बॅटरीवरच्या सेटसाठी १.४ व्होल्ट. यू आणि पी यांचं वेगळं. त्यांत व्होल्ट नाही, करंट ठरलेला : यू म्हणजे १०० मिलिअँपिअर, पी म्हणजे ३००. कारण या व्हॉल्व्हची फिलामेंटं माळेत एकापुढे एक जोडायची असत. यू मालिकेचे सेट ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट घरच्या विजेवर चालत. एका व्हॉल्व्हचं फिलामेंट तुटलं की अख्खी माळ विझे, आणि चासीला हात लावला तर झटका बसण्याची भीती. सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर आहे का, हा काकांचा प्रश्न त्यासाठीच असे.

पुढची अक्षरं आतल्या रचनेची. सी म्हणजे ट्रायोड, म्हणून सीसी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. एफ लहान पेंटोड, एल मोठा, स्पीकर हलवणारा पेंटोड. एच मिक्सर, झेड रेक्टिफायर, एम तो स्टेशन लागलं की मिटत जाणारा हिरवा डोळा. त्यानंतरच्या आकड्यातला पहिला अंक बैठकीचा. ३ असेल तर आठ पिनांचं ऑक्टल, ८ असेल तर नऊ पिनांचं नोव्हल, ९ असेल तर सात पिनांचं छोटं. म्हणजे ईएल ३४ असं नाव वाचलं की कळलं : ६.३ व्होल्ट, आउटपुट पेंटोड, ऑक्टल बैठक. इतकी नीटस पद्धत मी पुढे दुसऱ्या कुठल्या सुट्या भागांत पाहिली नाही.

शेवटचा अंक मात्र नुसता अनुक्रम. सगळे घोटाळे तिथून सुरू होत. ईसीसी ८१, ८२ आणि ८३ या तिघांच्या पिना सारख्या, फिलामेंट सारखं, उंचीही जवळपास सारखी. एकाच्या जागी दुसरा खोचला तरी तो पेटतो आणि आवाजही येतो. पण ईसीसी ८३ चा प्रवर्धनांक १००, ईसीसी ८१ चा ६०, आणि ईसीसी ८२ चा विसाच्या आतबाहेर. ८३ च्या जागी ८२ लावला की अँप्लिफायर दमल्यासारखा वाजतो, व्हॉल्यूम पूर्ण फिरवूनही भरत नाही. उलट केलं, तर ८३ कडून तेवढा करंट मिळत नाही आणि पुढच्या टप्प्याला जोर पुरत नाही. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, हा काकांच्या बोलण्यातला नेहमीचा भेद.

याहून वाईट सापळा ईएल ८६ चा. ईएल ८४ आणि ईएल ८६ यांच्या पिना एकच, फिलामेंट एकच, काचही तेवढीच. पण ८६ हा कमी व्होल्टेजवर जास्त करंट देण्यासाठी बनवलेला. त्याच्या स्क्रीन ग्रिडला २०० व्होल्टच्या वर झेपत नाही, आणि ईएल ८४ च्या जागेवर तर २५० किंवा ३०० व्होल्ट असतात. तिथे तो फार दिवस टिकत नाही. आता पीएल ८४ घ्या. नाव वाचून कुणालाही वाटेल की हा ईएल ८४ च आहे, फक्त फिलामेंट माळेत जोडायचं. तसं नाही. पीएल ८४ ही ईएल ८६ ची १५ व्होल्टची आवृत्ती आहे. पद्धत इतकी सुसंगत, आणि नेमकी इथे तिने साथ सोडली. ईसीएल ८२ आणि ईसीएल ८६ हेही असेच फसवे. दोन्हींत एक ट्रायोड आणि एक आउटपुट पेंटोड, पण पिनांची मांडणी वेगळी. काकांच्या वहीत या जोडीसमोर “नको” असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

अमेरिकी नावाचं तर्कशास्त्र निराळं. सुरुवातीचा आकडा साधारण फिलामेंटचे व्होल्ट सांगतो, शेवटचा आकडा आत उपयोगाचे भाग किती ते. १२ एएक्स ७ मधले सात म्हणजे दोन कॅथोड, दोन ग्रिड, दोन प्लेट आणि एक फिलामेंट. मधली अक्षरं मात्र नोंदणीच्या क्रमाने आलेली, त्यांना अर्थ नाही. म्हणून १२ एएक्स, १२ एयू आणि १२ एटी यांतला कुठला किती प्रवर्धन देतो हे नावावरून कळायला मार्ग नाही. पाठच करावं लागतं. शिवाय १२ आकड्याने गडबडून जायचं कारण नाही. या व्हॉल्व्हच्या फिलामेंटला मध्यावर, नवव्या पिनेवर, तोंड काढलेलं असतं. चौथ्या आणि पाचव्या पिनेवर १२.६ व्होल्ट द्या, किंवा त्या दोन्ही एकत्र बांधून नवव्या पिनेशी ६.३ द्या. दुसऱ्या रीतीने जोडणारेच जास्त.

अमेरिकी नावाच्या शेपटाकडे मात्र नीट पाहायला हवं. ६ एल ६ हा मूळ १९३६ चा, धातूच्या कवचातला. मग काचेचा आला तो जी, आखूड नळीचा तो जीटी असा अक्षरांचा पसारा वाढला. अगदी शेवटी जीसी. मूळच्या ६ एल ६ च्या प्लेटला १९ वॉट उष्णता सोसते, ६ एल ६ जीसीला ३०. जुन्याच्या जागी जीसी निर्धास्त लावावा. जीसीसाठी बांधलेल्या अँप्लिफायरमध्ये जुना लावला तर प्लेट लाल होते. नंतरचं अक्षर आधीच्याच्या जागी चालतं, आधीचं नंतरच्याच्या जागी चालेलच असं नाही. हा नियम काकांनी मला बसवल्या जागी घोटवून घेतला होता.

लष्करी नावं चोरबाजारातून येत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा उरलेला माल मुंबईत पुष्कळ वर्षं फिरत राहिला. अमेरिकी सिग्नल कोअरचे व्हीटी नंबर, ब्रिटिशांचे सीव्ही नंबर. व्हीटी २३१ म्हणजे ६ एसएन ७ जीटी. सीव्ही ४९२ म्हणजे ईसीसी ८३, आणि सीव्ही ४००४ म्हणजे तोच, पण जास्त कसून तपासलेला. युरोपी पद्धतीत असा कसलेला माल ओळखायची युक्ती सोपी होती. आकडा अक्षरांच्या मध्ये घालायचा. ईसीसी ८३ चा झाला ई ८३ सीसी.

गणपती-नवरात्र जवळ आले की दुकानाचं रूप पालटे. रेडिओ बाजूला, मंडपवाल्यांचे अँप्लिफायर पुढे. त्यांत ६ एल ६, ८०७, ईएल ३४ असले दणकट व्हॉल्व्ह जोडीने बसवलेले असत. मंडपवाला म्हणे, “काका, ६ एल ६ नाही तर ईएल ३४ द्या, दोन्ही ऑक्टलच ना?” काका मान हलवत आणि चासी उलटी करायला घेत. ईएल ३४ चं फिलामेंट १.५ अँपिअर ओढतं, ६ एल ६ चं ०.९. जोडी असेल तर ट्रान्सफॉर्मरवर सव्वा अँपिअरच्या आसपास जादा भार. तो गरम होतो का ते आधी बघायचं. ईएल ३४ चा सप्रेसर ग्रिड पहिल्या पिनेवर वेगळा काढलेला असतो. ६ एल ६ च्या सॉकेटमध्ये ती पिन बहुधा रिकामी, म्हणून ती आठव्या पिनेला जोडून घ्यायची. आणि बायस नव्याने लावायचा. एवढं करून मगच व्हॉल्व्ह बसवायचा. उत्सवाच्या तोंडावर मंडपवाला घायकुतीला आलेला असे, तरी हे सगळं झाल्याशिवाय चासी टेबलावरून हलत नसे. १९७८ मध्ये आनंद दिघे यांनी टेंभी नाक्यावर नवरात्रोत्सव सुरू केला तेव्हा ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर बाजारात स्थिरावले होते. तरी मंडपांच्या मागच्या बाजूला, कनातीआड, जुनी व्हॉल्व्हची धुडं मी त्यानंतरही काही वर्षं पाहिली.

आज नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी आणि ध्वनिव्यवस्थेच्या उंच भिंती पाहिल्या की त्या धुडांची ताकद फार थोडी वाटते. ईएल ३४ च्या एका जोडीतून तीस-चाळीस वॉट, एवढाच तो जीव. नाक्याच्या आसपास आता मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत, व्हॉल्व्ह हा शब्द नळदुरुस्तीच्या सामानासाठी उरला आहे. पूर्वी व्हॉल्व्हसाठी ठाण्याहून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घालायचो. तिथेही आता संगणक, कॅमेरे आणि वायरी.

व्हॉल्व्ह मात्र संपले नाहीत. गिटारवाल्यांना त्यांच्या अँप्लिफायरमध्ये अजून तेच हवे असतात, आणि घरी संगीत ऐकणाऱ्यांतला एक निष्ठावंत वर्ग त्यांना सोडायला तयार नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जुन्या तबकड्या जपणारी, स्वतः अँप्लिफायर बांधणारी माणसं आहेत. १९५० च्या दशकात मुलार्डने प्रसिद्ध केलेला, पाच व्हॉल्व्हमधून दहा वॉट देणारा ‘फाइव्ह-टेन’ अँप्लिफायर आजही कुणी ना कुणी नव्याने जोडत असतो. म्हणून ईसीसी ८३, ईएल ८४, ईएल ३४, ६ एल ६ जीसी आजही कारखान्यांतून निघतात. रेडिओच्या मिक्सर आणि आयएफ टप्प्यांतले ईसीएच ८१, ईएफ ८९ यांना मात्र जुन्या साठ्याशिवाय मार्ग नाही.

आणि इथेच काळ उलटा फिरला आहे. तेव्हा एका व्हॉल्व्हला अनेक नावं होती. आज एका नावाखाली अनेक वेगवेगळे व्हॉल्व्ह येतात. तेव्हा फिलिप्सचा ईएल ८४ इंग्लंडमध्ये मुलार्ड होई, जर्मनीत व्हाल्व्हो, अमेरिकेत अँपेरेक्स. मुलार्ड ही फिलिप्सच्याच मालकीची. छाप वेगळा, पण माल त्याच घराण्याचा. नेमका कुठल्या कारखान्यात बनला तेही काचेच्या तळाशी कोरलेल्या बारीक खुणेवरून ओळखता येई : ब्लॅकबर्नसाठी बी, हेर्लेनसाठी त्रिकोण, हॅम्बुर्गसाठी डी. आज मुलार्ड हे नाव लिहिलेला नवा व्हॉल्व्ह इंग्लंडचा नसतो. न्यूयॉर्कच्या न्यू सेन्सर कंपनीने ते नाव मिळवलं आणि तिचा माल रशियातल्या सारातोव्हच्या कारखान्यात बनतो. टुंग-सोल, जेनालेक्स, सोव्हटेक ही नावंही त्याच छताखालची. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२ मध्ये त्या कंपनीने पुरवठा थांबल्याचं जाहीर केलं आणि सगळ्या जगातले व्हॉल्व्हप्रेमी हादरले. पुरवठा पुढे सुरू झाला, पण एका गावच्या कारखान्यावर किती नावं उभी आहेत हे तेव्हा दिसलं. त्याशिवाय स्लोव्हाकियाची जेजे आहे, चीनचे कारखाने आहेत. आजचे व्हॉल्व्ह वाईट आहेत असं मी म्हणत नाही. जेजेचा ईएल ८४ मी कुणालाही निःशंक सुचवतो. पण डबीवरचं नाव कारखान्याची साक्ष देत नाही, एवढं पक्कं धरून चालावं.

डोंबिवलीतल्या माझ्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी त्यांच्या प्रीअँप्लिफायरसाठी एका विक्रेत्याकडून घरपोच व्हॉल्व्ह मागवले. यादीत लिहिलं होतं, ‘१२ एएक्स ७ ला पर्याय’. आले ते रशियन ६ एन २ पी. डबीवर रशियन लिपी, तिच्यातला एन दिसायला रोमन एचसारखा आणि पी दाराच्या चौकटीसारखा, त्यामुळे नाव वाचतानाच गोंधळ. व्हॉल्व्ह बसवले, स्विच दाबला, फिलामेंट पेटेना. विक्रेत्याने निव्वळ खोटं लिहिलं होतं असंही नाही. ६ एन २ पी चा प्रवर्धनांकही शंभरच्या आसपासच आहे. ट्रायोडांच्या पिनाही जुळतात. पण त्याचं फिलामेंट सरळ चौथ्या आणि पाचव्या पिनेमध्ये ६.३ व्होल्टचं आहे आणि नवव्या पिनेवर मधला पडदा आहे. ईसीसी ८३ च्या रीतीने चौथी-पाचवी एकत्र बांधलेल्या सॉकेटमध्ये तो थंडच राहणार. तेच सॉकेट १२.६ व्होल्टने जोडलेलं असतं तर फिलामेंटला दुप्पट व्होल्टेज मिळून ते बघता बघता उडालं असतं. ईसीसी ८५ आणि ईसीसी ८८ यांची गतही हीच. नाव ईसीसी ८३ च्या रांगेतलं, पण फिलामेंटची मांडणी वेगळी. आम्ही सॉकेटच्या वायरी बदलल्या आणि तो प्रीअँप्लिफायर आता छान वाजतो. व्हॉल्व्ह चांगलाच होता. सेट कुठला आणि सॉकेट कसं जोडलंय, हे मात्र मागवण्यापूर्वी त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हा प्रश्न आज आपणच आपल्याला विचारायचा. अँप्लिफायर उघडण्याआधी प्लग काढा आणि मोठे कंडेन्सर रेझिस्टरने रिकामे करा. बंद असलेल्या अँप्लिफायरमध्येही तीनशे-चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. जुना व्हॉल्व्ह कोणता होता तेवढ्यावर थांबू नका, त्या सॉकेटच्या पिना कुठे गेल्या आहेत ते पाहा. रेक्टिफायर बदलताना ट्रान्सफॉर्मर विसरू नका. जीझेड ३४ चं फिलामेंट १.९ अँपिअर घेतं, ५ यू ४ चं ३ अँपिअर. ईझेड ८० च्या जागी ईझेड ८१ चालतो, पण तोही ०.६ ऐवजी १ अँपिअर ओढतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरला हा भार पेलेल का, ते आधी बघा. घरात २३० ते २४० व्होल्ट येत असतील आणि वायर २२० च्या टॅपवर असेल, तर ती वरच्या टॅपवर न्या, नाहीतर ६.३ च्या जागी सात व्होल्टच्या आसपास जाऊन नवाकोरा व्हॉल्व्हही लवकर थकतो.

आणि नवा ईएल ८४ पुन्हा पुन्हा जात असेल, तर व्हॉल्व्हला दोष देऊ नका. काका अशा वेळी व्हॉल्व्हला हात न लावता ग्रिडकडे येणारा कपलिंग कंडेन्सर आधी बदलत. पन्नास वर्षांचा कागदी कंडेन्सर गळायला लागतो, ग्रिडवर धन व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो आणि १२ वॉटची प्लेट लालभडक होते. ईएल ८४ च्या कॅथोडवर मीटर लावा. २५० व्होल्टच्या साध्या सेटमध्ये तिथे सात व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. दहा-बारा दिसले तर आधी तो कंडेन्सर पाहा. महागडे मुलार्ड शोधत बसण्यापेक्षा ही पाच मिनिटांची तपासणी कितीतरी उपयोगाची, असं माझं ठाम मत आहे.

जुना साठा विकत घेणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. काचेवरची छपाई अंगठ्याने पुसली जाते, तिच्या जागी दुसरं मोठं नाव छापणंही अवघड नाही. तळाशी कोरलेली खूण, प्लेटची लांबी, वरच्या चंदेरी डागाखालच्या कड्याचा आकार, हे बदलता येत नाही. पांढुरका डाग पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेला. आणि छपाई अजिबात नसलेला, मळकट, पण बेलचा खरा ईएल ८४ मिळत असेल तर नाक मुरडू नका. माझ्या अँप्लिफायरमध्ये बेलचीच जोडी आहे.

ठाण्या-कल्याणाकडच्या किती माळ्यांवर अजून जुने सेट, डब्यांतले व्हॉल्व्ह, मंडपाच्या धंद्यातून उरलेले अँप्लिफायर पडून आहेत. घर पुनर्विकासाला जातं, माळा रिकामा होतो आणि सगळं किलोच्या भावाने भंगारात जातं. तुमच्याकडे असा सेट असेल, तर आधी त्याची पाठ उघडून पाहा. बहुतेक सेटांत लाकडी खोक्याच्या आतल्या बाजूला किंवा मागच्या पुठ्ठ्यावर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर कुठल्या सॉकेटमध्ये कुठला व्हॉल्व्ह ते छापलेलं असतं. त्याचा फोटो काढा, व्हॉल्व्ह आहेत त्याच जागी राहू द्या, आणि सेट दुरुस्त करणारं माणूस मिळेपर्यंत तो कागद फाटू देऊ नका.